तुकड्यांचा मुलूख

बुद्धिबळाच्या पटावर हत्ती आहेत, घोडे आहेत, उंट आहेत, प्यादीं आहेत. नाहीं ती फक्त जमीन. चौसष्ट घरें सगळीं सारखीं. एकांत टेंकडी नाहीं, दुसऱ्यांत ओढा नाहीं; हत्ती या टोंकाचा सुटला कीं त्या टोंकापर्यंत धांवतो, मध्यें त्याला चिखल म्हणून लागत नाहीं. ज्या देशांत चतुरंग जन्मास आलें त्या देशांतील लढाया अशा निर्विकार भूमीवर होत असत, असें कोणी म्हणणार नाहीं. सह्याद्रीच्या कुशींत वाढलेला वाचक तर मुळींच म्हणणार नाहीं. १६६१ सालीं उंबरखिंडींत कारतलबखानाचें सैन्य कोंडलें गेलें, त्यांत मराठ्यांच्या तलवारीइतकाच त्या खिंडीच्या अरुंदपणाचाहि वांटा होता. तेव्हां खेळाच्या पटावर जमीन कां असूं नये, हा प्रश्न कोणास तरी कधीं तरी सुचणें प्राप्तच होतें. तो सुचला युरोपांत, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत; आणि त्याचें उत्तर शोधतां शोधतां नकाशाचे सुटे तुकडे करून दर खेळास ते नव्यानें जुळवावयाचे, अशी एक युक्ति निघाली. आज अनेक देशांत मुलांच्या आणि मोठ्यांच्याहि मेजांवर तिचा वंशविस्तार पसरलेला दिसतो. विषय वरवर पाहतां पोरखेळाचा वाटेल. आम्हांस तो तसा वाटत नाहीं.

ब्रुन्सविक येथें गणित शिकविणारा योहान हेल्विग यानें १७८० सालीं बुद्धिबळावरून बेतलेला एक युद्धाचा खेळ प्रसिद्ध केला. त्याच्या पटावर १६१७ घरें होतीं, आणि हीं घरें निरनिराळ्या रंगांचीं असून प्रत्येक रंगास अर्थ होता: हा डोंगर, ही दलदल, हें पाणी, हा खंदक. शिवाय रंगांची मांडणी कायमची ठरलेली नव्हती. खेळणारांनीं आपल्या मनाजोगें रणक्षेत्र मांडावें, अशी मोकळीक होती. म्हणजे बीज पडलें तें येथेंच. परंतु घरें तीं घरेंच. डोंगर झाला तरी चौकोनी, आणि नदी वळली तरी काटकोनांत. पुढें वेंटुरिनी नांवाच्या दुसऱ्या एका जर्मन गृहस्थानें घरांची संख्या ३६०० वर नेली आणि त्याबरोबर नियमांचेंहि ओझें वाढविलें. त्याच्याविषयीं इतकेंच पुरे.

खरें वळण दिलें तें एका मुलकी अधिकाऱ्यानें. गेओर्ग लिओपोल्ड फॉन राइसविट्झ हा प्रशियाच्या राज्यांत ब्रेस्लाउ येथें नोकरीस असे. हातांत सेनेचा अधिकार नव्हता, पण युद्धशास्त्राचा नाद मात्र दांडगा. त्यानें घरें आंखलेला पटच टाकून दिला. मेजावर ओल्या वाळूचा थर पसरावयाचा, त्यांत टेंकड्या आणि दऱ्या हातानें घडवावयाच्या, सैन्य म्हणून लांकडाचे लहान ठोकळे मांडावयाचे, आणि त्यांची चाल घरांनीं न मोजतां कर्कटकानें मोजावयाची, अशी त्याची रीति होती. दिवाळींत आमच्याकडे अंगणांत मातीचा किल्ला करणारीं मुलें ज्या तन्मयतेनें तट आणि बुरूज थापतात, त्याच तन्मयतेनें हा गृहस्थ रणभूमि थापीत असला पाहिजे. १८११ सालीं कांहीं राजपुत्रांच्या कानावर ही गोष्ट गेली. त्यांनीं खेळ पाहिला, आणि राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम यास त्याची शिफारस केली. आतां राजापुढें ओल्या वाळूचें मेज कसें न्यावयाचें? या संकोचांतून आमच्या विषयाचा जन्म झाला.

१८१२ सालीं राइसविट्झनें राजास जें नजर केलें तें एक कपाटवजा मेज होतें. त्याच्या खणांत खेळाचें सारें साहित्य. वर उलगडून मांडावयाची सुमारें सहा फूट लांब आणि तितकीच रुंद फळी. आणि त्या फळीवर जुळवावयाचे, रंगविलेले, उठावदार चौकोनी तुकडे. कोणावर टेंकडीचा उतार, कोणावर नदीचें वळण, कोणावर रस्ता, कोणावर रान. आज एका रीतीनें मांडले तर एक रणक्षेत्र, उद्यां दुसऱ्या रीतीनें मांडले तर दुसरेंच. प्रमाण सुमारें १:२३७३ असें होतें; म्हणजे साऱ्या मेजावर मिळून लांबीनें जेमतेम पावणेतीन मैलांचा मुलूख मावे. राजास खेळ अतिशय आवडला. आपल्या मुलांबरोबर आणि जवळच्या अधिकाऱ्यांबरोबर तो तो वारंवार खेळत असे. इतिहासाच्या अध्यापकास येथें क्षणभर थांबल्यावांचून राहवत नाहीं. १८०६ सालीं येना येथें याच राजाचें सैन्य धुळीस मिळालें होतें, आणि पुढच्याच वर्षीं तिल्झिटच्या तहानें नेपोलियननें त्याचें जवळजवळ निम्में राज्य कापून काढलें होतें. ज्याचा खरा मुलूख असा तुकड्यातुकड्यांनीं गेला, तो राजा पांच वर्षांनंतर आपल्या वाड्यांत मुलूखाचे तुकडे जुळवीत बसला होता! त्या मेजाभोंवतीं जमणाऱ्या त्याच्या मुलांपैकीं विल्यम हा पुढें १८७१ सालीं जर्मनीचा सम्राट झाला.

असें असूनहि खेळ राजवाड्याबाहेर पसरला नाहीं. असलें साहित्य घडविणें खर्चाचें आणि कष्टाचें होतें, हें त्याचें उघड कारण. पण आम्हांस वाटतें कीं, तुकड्यांच्या युक्तींतच एक अडचण दडलेली होती, आणि ती पैशांनीं सुटण्यासारखी नव्हती. कोणताहि तुकडा कोणत्याहि तुकड्याशेजारीं बसावयाचा असेल, तर रस्ता कडेवर ठराविक जागींच येऊन मिळाला पाहिजे, नदीहि तशीच. मध्यें तिनें वाटेल तेवढ्या नागमोडी घ्याव्या. कडेपाशीं आली कीं तिनें शिस्तींत उभें राहिलें पाहिजे. प्रत्यक्ष पृथ्वीवर असें होत नाहीं. खऱ्या गांवचा रस्ता जेथें वळतो तेथें वळण्यास कांहीं कारण असतें: विहीर असते, देवस्थान असतें, नाहीं तर कोणा इनामदाराच्या शेताचा बांध आडवा आलेला असतो. खऱ्या मुलूखाच्या प्रत्येक वळणांत पूर्वजांची कांहीं तरी हकीकत पुरलेली आहे. तुकड्यांच्या मुलूखांतला रस्ता वळतो तो केवळ शेजारच्या तुकड्यानें बोलाविलें म्हणून. जो मुलूख कोठेंहि जोडतां येतो तो कोठलाच नसतो. त्याला भूगोल आहे, इतिहास नाहीं.

ही उणीव राइसविट्झच्या मुलाच्या ध्यानांत आली. हा मुलगा प्रशियाच्या तोफखान्यांत लेफ्टनंट होता. त्यानें बापाचे तुकडे बाजूस सारले आणि त्यांच्या जागीं १:८००० या प्रमाणाचे, प्रत्यक्ष मोजणी करून काढलेले नकाशे घेतले. त्याच सहा फुटांत आतां नऊ मैलांचा मुलूख मावूं लागला, आणि तोहि खरा. हें पूर्वीं शक्य नव्हतें, कारण असे सूक्ष्म नकाशेच हातीं नव्हते. त्या दोनतीन दशकांत सारें जग जरीब आणि कोनमापक घेऊन जमीन मोजावयास निघालें होतें. आमच्याच देशांत पहा: १८०२ सालीं मद्रासजवळ पायारेषा मोजून कामास लागलेला विल्यम लॅम्बटन मोजतां मोजतां विदर्भापर्यंत आला आणि १८२३ सालीं हिंगणघाट येथें वारला, त्याची कबर तेथेंच आहे. प्रशियांत ऱ्हाइनकांठच्या प्रदेशाची मोजणी ज्याच्या देखरेखीखालीं झाली तो म्यूफ्लिंग त्या वेळीं सेनेच्या मुख्य कचेरीचा प्रमुख होता. १८२४ सालीं तरुण राइसविट्झचा खेळ त्याच्यापुढें मांडण्यांत आला. नकाशांत हयात घालविलेल्या मनुष्यास नकाशावरचा खेळ पटावा यांत नवल नाहीं. म्यूफ्लिंगनें त्याची मनापासून शिफारस केली, आणि हा खेळ पलटणींतून खेळला जावा अशी राजाज्ञा झाली.

तरुण राइसविट्झनें आणखीहि एक गोष्ट केली, आणि पुढील इतिहासाच्या दृष्टीनें तीच अधिक मोलाची ठरली. त्यानें दोन पक्षांच्या मध्यें एक पंच बसविला. खेळणारानें स्वतः ठोकळे हलवावयाचे नाहींत. आपला हुकूम पंचास लिहून द्यावयाचा. जें सैन्य शत्रूच्या दृष्टीस पडलें असतें तेवढेंच नकाशावर मांडावयाचें; बाकीचें पंचाच्या डोक्यांत. एक डाव म्हणजे दोन मिनिटांचा काळ. गोळी लागली कीं नाहीं हें फांशांनीं ठरवावयाचें. बुद्धिबळांत उभय पक्षांस सर्व कांहीं दिसतें. येथें प्रथमच न दिसणें हा खेळाचा गाभा झाला. या तरुणाचें पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगावें लागतें, कारण लांबवावें असें त्यांत कांहीं नाहीं: राजाज्ञेस तीन वर्षें पुरीं होतात न होतात तोंच, १८२७ सालीं, त्यानें आत्महत्या केली.

त्याचा खेळ मात्र जगला. १८७१ चा विजय पाहून इतर देशांच्या सेनांनींहि तो उचलला. १८७६ सालीं फर्डी द्यु व्हर्न्वा या जर्मन सेनापतीनें फांशांचें आणि कोष्टकांचें जोखड झुगारून पंचाच्या अनुभवावरच सारा भार टाकावा, असें प्रतिपादन केलें. १८८० सालीं टॉटन नांवाच्या अमेरिकन लेफ्टनंटानें ‘स्ट्रॅटेगॉस’ हें आपल्या देशासाठीं रचलेल्या युद्धखेळांचें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांतहि पंचाचा अधिकार मोठा होता. या सर्व काळांत तुकड्यांचें नांव कोणी काढीत नव्हतें, आणि तें योग्यच होतें. ज्यास उद्यां खऱ्या खिंडींतून पलटण न्यावयाची आहे त्यास खरी खिंडच शिकली पाहिजे. कल्पित खिंडीचा त्यास काय उपयोग? नकाशा हें सैनिकाचें साधन आहे. तुकड्यांना पुन्हां दिवस यावयाचे तर खेळानें सैन्याची नोकरीच सोडावयास हवी होती.

ती त्यानें सोडली अमेरिकेंत. टॉटनच्या पुस्तकाची एक प्रत मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयांत पडून होती. ती डेव्हिड वेसली या तरुणाच्या हातीं लागली, आणि पंचाचा अधिकार वाचून त्याच्या डोक्यांत एक कल्पना आली. १९६९ सालीं त्यानें ब्राउनश्टाइन नांवाचें एक काल्पनिक जर्मन गांव नेपोलियनच्या काळांत, दोन सैन्यांच्या मध्यें, उभें केलें, आणि खेळावयास आलेल्यांना पलटणी न देतां माणसें दिलीं: कोणी गांवचा मुख्य, कोणी विद्यार्थी. म्हणजे खेळणारानें आतां सेनापति व्हावयाचें नव्हतें, एका मनुष्याचें सोंग घ्यावयाचें होतें. त्या मेजाभोंवतीं बसलेल्या डेव्ह आर्नेसन यानें पुढें ब्लॅकमूर नांवाचा अद्भुत मुलूख आणि त्यांतील किल्ल्याखालचीं भुयारें कल्पिलीं. विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हाच्या गॅरी गायगॅक्सशीं त्याची जोडी जमली. आणि १९७४ च्या जानेवारींत दोघांच्या नांवानें ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचीं तीन लहान पुस्तकें एका पेटींतून बाहेर पडलीं. पहिल्या छपाईच्या प्रती अवघ्या १०००.

ज्या वाचकांच्या घरीं हा खेळ पोंचला नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. चारसहा जण मेजाभोंवतीं बसतात. एक सूत्रधार असतो. इतर प्रत्येकजण एकेक पात्र होतो: कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधारानें आधीं चौकटीच्या कागदावर एका भुयाराचा नकाशा काढून ठेवलेला असतो, पण तो आडोशाआड. तो सांगतो, ‘तीस फुटांवर वाट दुभंगली आहे, डावीकडून पाण्याचा आवाज येतो.’ खेळणारे ऐकतात, ठरवितात, आणि ऐकल्याबरहुकूम आपला नकाशा आपणच काढीत जातात. राइसविट्झचा पंच तो हाच. फक्त त्यानें लष्करी कोट उतरवून कीर्तनकाराचा अंगरखा घातला आहे, इतकेंच.

आतां अडचण अशी कीं, खऱ्या प्रदेशाचा नकाशा सरकार काढून देतें. न असलेल्या भुयाराचा कोण काढणार? दर आठवड्यास नवें भुयार आंखतां आंखतां सूत्रधार जेरीस येतो. येथें तुकडे परत आले. सैनिकी खेळांच्या प्रकाशकांनीं ती वाट आधींच मोकळी केली होती. जेम्स डनिगन यानें रचलेल्या १९७० च्या ‘पॅन्झरब्लिट्झ’ खेळांतील तीन पट हवे तसे जुळवितां येत. १९७६ सालीं गायगॅक्सच्या मंडळीनें ‘डंजन जिओमॉर्फ्स’ या नांवानें भुयाराच्या छापील तुकड्यांचा पहिला संच काढला. पुढच्या वर्षीं गुहांचा व खालच्या तळघरांचा असे आणखी दोन. कात्रीनें कापावें, फिरवावें, जुळवावें. कोणतीहि वाट कोणत्याहि वाटेस मिळेल. कडेची जुनी शिस्त येथें पुन्हां दिसते. अध्यापकाच्या व्यवसायांत आम्हांस असल्या तुकड्यांचा परिचय फार आहे. परीक्षेच्या हंगामांत विकल्या जाणाऱ्या मार्गदर्शिकांतून जीं उत्तरें पाठ केलेलीं असतात, त्यांच्याहि कडा अशाच घासून गुळगुळीत केलेल्या असतात. प्रश्न पेशवाईच्या उदयाचा असो वा अस्ताचा, दोहोंसहि तेंच उत्तर बिनबोभाट जुळतें.

परंतु या साम्यावरून तुकड्यांस दोष देऊन मोकळें होणें आम्हांस अन्यायाचें वाटतें, आणि त्याचें कारण पुढील एका लहानशा घटनेंत आहे. १९७७ सालीं नवशिक्यांसाठीं या खेळाची एक सोपी पेटी निघाली. तिच्या पहिल्या छपायांत त्या तुकड्यांचा पहिला संच घातलेला असे. वर्षा-दीडवर्षांतच तो काढून टाकून त्याच्या जागीं माइक कार यानें लिहिलेलें एक सिद्ध साहस घालण्यांत आलें: भुयाराचा नकाशा पुरा, खोल्यांचीं वर्णनें पुरीं, मागची कहाणीहि पुरी. बापाचे तुकडे सारून मुलानें नकाशा आणला, तेंच दीडशें वर्षांनीं पुन्हां घडलें. पण कारनें एक शहाणपण केलें होतें. कोणत्या खोलींत कोणता राक्षस आणि कोठें कोणतें धन, हें त्यानें रिकामें ठेवलें. तें सूत्रधारानें भरावयाचें होतें. पुढें बाजारांत आलेल्या पुष्कळ सिद्ध साहसांतून ही रिकामी जागाहि नाहींशी झाली.

तुकड्यांच्या मुलूखाला इतिहास नसतो, असें आम्ही वर म्हटलें. सैनिकाच्या दृष्टीनें हा दोषच. परंतु कथा सांगावयास बसलेल्या मनुष्यास तेंच आमंत्रण नव्हे काय? वाट अकारण वळली आहे. मग कां वळली तें सांग. दोन दालनांच्या मध्यें एक बिनदाराची कोठी जुळून आली. मग तींत कोण चिणला गेला तें सांग. नकाशा हें काम आधींच करून ठेवतो, म्हणून सैनिकास तो हवा. तुकडा तें करीत नाहीं, म्हणून तो आळशी सूत्रधाराच्या हातीं निर्जीव आणि कल्पक सूत्रधाराच्या हातीं सजीव. सिद्ध साहस विकत घेणारा सूत्रधार श्रम वांचवितो खरा. पण ‘कां’चें उत्तर देण्याचा मान तो दुकानांत ठेवून येतो, आणि या खेळांत सूत्रधारास दुसरा मान तो कोणता?

मेजावरील व्यवहाराचें बोलावयाचें तर लाभ आणि हानि दोन्ही आहेत. पूर्वींच्या पद्धतींत खेळणारे कानांनीं ऐकून नकाशा काढीत. तो चुके, वाट हरवे, आणि ती हरवणें हाच अर्धा थरार असे. पुढें जाड पुठ्ठ्याचे रंगीत तुकडे आले, राळेचे ओतीव दगडी कोनाडे आले, आणि अलीकडे तर घरच्या घरीं त्रिमिती छपाईच्या यंत्रावर लोक भिंती आणि कमानी काढूं लागले आहेत. एक इंच चौरस म्हणजे पांच फूट हें माप बहुधा सर्वत्र ठरून गेलें आहे. अशा तुकड्यांवर बाहुली उभी केली कीं ‘मी तर दाराआड होतों’ हा जुना तंटा मिटतो, पण त्याबरोबर वाट चुकण्याची सोयहि मिटते. मात्र एक गुण असा आहे कीं तो अखंड छापील नकाशास कधींच साधणार नाहीं. तुकडा एकेक मांडतां येतो. दार उघडलें कीं पलीकडचें दालन मेजावर येतें, तोंवर तेथें नुसतें लांकूड असतें. हा अंधार पुरा नकाशा पसरणारास दाखवितां येत नाहीं. अर्थात् त्यासाठीं सूत्रधारानें तुकडे क्रमानें लावून ठेवलेले हवेत. दाराशीं खड्ग उपसून उभे असलेले वीर आणि पेटींत वाकून वळणाचा तुकडा धुंडणारा सूत्रधार, हें दृश्य वीररसास पोषक नाहीं. शिवाय संच लहान असला तर तीच भेगाळलेली फरशी तिसऱ्यांदा येतांच सारे हंसतात.

राइसविट्झच्या देशानें तुकड्यांस आणखी एक रूप दिलें आहे, आणि त्यांत सूत्रधार नाहींच. क्लाउस-युर्गेन व्रेडे या जर्मन रचनाकाराचा, दक्षिण फ्रान्समधील एका तटबंदीच्या नगरावरून नांव घेतलेला, ‘कार्कासोन’ हा खेळ २००० सालीं निघाला. पेटींत ७२ चौकोनी तुकडे. पाळीपाळीनें एकेक उचलावयाचा आणि मांडलेल्या मुलूखास जोडावयाचा. पण येथें कडा सारख्या नाहींत. एका कडेवर रस्ता, एकीवर नगराचा तट, एकीवर शेत. रस्त्यास रस्ताच मिळाला पाहिजे, तटास तटच. कोणताहि तुकडा कोठेंहि बसतो ही जुनी सोय मुद्दाम काढून टाकलेली आहे, आणि कडेचा हा नकार हाच खेळ झाला आहे. खेळणारे एकमेकांचीं नगरें अपुरीं राहावींत म्हणून अडचणीच्या कडा आणून भिडवितात. डाव संपतो तेव्हां भरल्या मुलूखाच्या मध्येंच एकादें चौकोनी भगदाड उरतें: एका बाजूस तट, दुसऱ्या बाजूस रस्ता, तिसऱ्या बाजूस पुन्हां तट, आणि तेथें बसेल असा तुकडा पेटींत एकहि शिल्लक नसतो.